कायद्याच्या पुस्तकातला तिसरा माणूस

दिवाळी अंकात परीक्षण लिहायचे म्हणजे एखादी गाजलेली कादंबरी घ्यावी, नाहीतर एखादा नवा कवितासंग्रह घ्यावा, असा रिवाज आहे. यंदा मी तो मोडतो आहे, त्याबद्दल वाचकांनी रागावू नये. मी परीक्षणाला घेतलेले पुस्तक ग्रंथालयात कोणी मागत नाही. त्याला एक लेखक नाही, त्याच्यावर मुखपृष्ठ नाही, आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या सारख्या निघत असतात. परंतु त्याच्याइतका मोठा वाचकवर्ग दुसऱ्या कोणत्याही मराठी पुस्तकाला लाभलेला नाही. कारण हे पुस्तक न वाचणाऱ्यालाही लागू पडते. हे पुस्तक म्हणजे आपली राने, झाडे, पाणी, जुन्या वास्तू आणि हे सारे पाहायला निघणारी माणसे यांच्याविषयी सरकारने केलेले कायदे. त्यांतले बरेचसे मुंबईच्या विधिमंडळात झाले. काही दिल्लीत झाले आणि राज्याने राबविले.

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या बीड जिल्ह्यातली कुटुंबे बाहेर पडतात. कोणी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला जाते, कोणी अंबाजोगाईला योगेश्वरीला आणि मुकुंदराजांच्या समाधीला. कोणी कपिलधारला जाते, कोणी सौताड्याला रामेश्वराच्या दरीत उतरते. या बहुतेक ठिकाणी एक पाटी भेटते. पाटीवर ‘मनाई आहे’ आणि ‘दंडास पात्र’ हे दोन शब्दप्रयोग हमखास असतात. ही पाटी म्हणजे त्या मोठ्या पुस्तकाचा सारांशच होय. मुले ती मोठ्याने वाचतात, वडीलमाणसे तिच्याकडे पाहत नाहीत, आणि सगळे मिळून पुढे जातात. सारांश जर असा असेल तर मूळ ग्रंथ कसा आहे हे पाहावे, एवढाच माझा हेतू आहे. वकिली हा माझा प्रांत नव्हे. मी कादंबऱ्या लिहिणारा मास्तर आहे, तेव्हा कादंबरीला जे प्रश्न विचारतो तेच या पुस्तकाला विचारणार: यात माणसे कोणती आहेत, ती कोणत्या भाषेत बोलतात, आणि आजूबाजूचा मुलूख ओळखू येतो की नाही?

प्रथम या पुस्तकाचा इतिहास थोडक्यात सांगतो. बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या साली १ नोव्हेंबरला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे अवघ्या चार वर्षांत या मुलखाने तीन राज्ये पाहिली. इकडे मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा एक कायदा १९५१ सालीच केलेला होता. नाव रक्षणाचे असले तरी त्याचा मोठा भाग शिकारीच्या परवान्यांचा होता. कोणते जनावर कोणत्या परवान्यावर, कोणत्या हंगामात मारावे, याचा तो हिशेब होता. आज आपण ‘मोकळ्या हवेतील करमणूक’ म्हणतो तिचे त्या काळच्या कायद्याला दिसलेले रूप म्हणजे खांद्यावर बंदूक टाकून निघालेला गृहस्थ. या पहिल्या प्रकरणात माणसे दोनच आहेत: परवाना देणारा साहेब आणि परवाना घेणारा शिकारी. ज्या गावाच्या शिवारात ती शिकार चालली आहे त्या गावाचा माणूस हाका घालायला गेला असेल, मारलेले जनावर वाहून आणायला गेला असेल. पण कायद्याच्या कथेत तो नाही. हाच माझा तिसरा माणूस. या लेखात मी त्याच्याच मागे जाणार आहे.

पुढे काळ बदलला. १९६३ साली मोर हा राष्ट्रीय पक्षी ठरला. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा मोठा कायदा संसदेने केला. त्यात शिकाऱ्याची जवळजवळ हकालपट्टी झाली, आणि ती योग्यच झाली. या कायद्याने राज्य सरकारला एखादा टापू अभयारण्य म्हणून जाहीर करण्याचा अधिकार दिला. त्याच अधिकारात पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटच्या डोंगरात, १९९४ साली, नायगावचे मयूर अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. ताडोबाच्या मानाने ते अंगणाएवढेच म्हणायचे. पण ज्या जिल्ह्यात रानच थोडे, तिथे अंगणाचीही किंमत मोठी.

‘अभयारण्य’ हा शब्द कोणी घडविला असेल त्याला भाषेचा कान होता, यात शंका नाही. मूळ इंग्रजी शब्दात आसऱ्याचा अर्थ आहे. आपल्या शब्दात भय नाहीसे करण्याचे वचन आहे. अभय हे नेहमी कोणीतरी कोणाला तरी द्यावयाचे असते. म्हणून परीक्षकाने विचारलेच पाहिजे, की हे अभय कोणाला? उत्तर सरळ आहे: मोराला, हरणाला, रानातल्या एकूण जीवाला. आणि त्या रानाच्या कडेला ज्याची वस्ती आहे, ज्याच्या शेळ्या सकाळी त्याच माळावर जातात, त्याला काय? कायद्याच्या २७ व्या कलमात अभयारण्यात कोणी यावे याची यादी आहे. कामावरचा सरकारी नोकर, परवानगी मिळालेला माणूस, आत ज्याचा स्थावर मालमत्तेवर हक्क आहे तो, आणि हमरस्त्याने पलीकडे जाणारा वाटसरू. यांच्याखेरीज पहिल्या तिघांवर अवलंबून असलेली माणसे. २८ व्या कलमात परवानगी कशासाठी मिळेल ते सांगितले आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या कोणाशी कायदेशीर व्यवहार.

ही यादी मी कादंबरीतला परिच्छेद वाचावा तशी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात पुण्याहून कॅमेरा घेऊन आलेला पाहुणा आहे, विद्यापीठातला संशोधक आहे, सहलीला आलेले कुटुंब आहे. चुलीसाठी काटक्या वेचायला जाणारी म्हातारी मात्र या यादीत नाही. तिची सोय पुढच्या कलमांत, अटींच्या आत शोधावी लागते. आणि शेळ्यांची गोष्ट ३३ व्या कलमात, चराईचे नियमन करण्याच्या अधिकाऱ्याच्या अधिकारात येते. दुरून येणाऱ्याला पहिल्या पंगतीत जागा आणि शेजाऱ्याला ‘थांबा, पाहतो’ असा हा प्रकार आहे. दुरून येणाऱ्याने येऊ नये असे माझे म्हणणे नाही. त्याने खुशाल यावे. मोर पाहून शहरातल्या मुलांचे डोळे उघडतात. पण घरच्याला ओटीवर ताटकळत ठेवून पाहुण्याला माजघरात नेणे ही मराठी रीत नव्हे.

कायद्याच्या बाजूने बोलायचे तर असे, की तिसरा माणूस या ग्रंथात अगदीच नाही असे नाही. तो त्याच २७ व्या कलमाच्या पोटात सापडतो. अभयारण्यात राहणाऱ्या प्रत्येक माणसावर तिथे पाच कर्तव्ये सोपविली आहेत. गुन्हा होऊ देऊ नये. गुन्हा झाला तर गुन्हेगार शोधायला आणि पकडायला मदत करावी. वन्य प्राणी मेला तर वर्दी द्यावी आणि अधिकारी येईपर्यंत अवशेष राखावेत. वणवा दिसला तर तो विझवावा. आणि वनाधिकाऱ्याने वा पोलिसाने मदत मागितली तर ती करावी. ही पाचही कामे चांगली आहेत, कोणाही सज्जनाने करावीत अशी आहेत. पण एखाद्या कादंबरीकाराने आपल्या पात्राला पाच हुकूम दिले आणि स्वतःचे एकही वाक्य बोलू दिले नाही, तर आपण त्या पात्राला घरगडी म्हणू.

आणि आपल्या जिल्ह्यात तर आणखी एक गंमत आहे. गंमत कसली, दुःखच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांतून लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरवर संसार चढतो, त्याच्यावर बाजा, त्याच्यावर मुले. कारखान्यांची धुराडी थंडावली की उन्हाळ्यात ती परततात. म्हणजे डोंगरावर प्रवासी येण्याचे जे दिवस, तेच डोंगरातला माणूस बाहेर पडण्याचे दिवस. एक गाडी हवापालटासाठी वर चढते आहे आणि दुसरी पोटासाठी खाली उतरते आहे. पहिल्या गाडीतल्या माणसाला कायद्याने आणि सरकारी धोरणाने ‘पर्यटक’ असे भारदस्त नाव दिले आहे. दुसऱ्या गाडीतला माणूस पहिल्यापेक्षा जास्त मैल प्रवास करतो, जास्त रात्री उघड्यावर काढतो. पण त्याच्या प्रवासाला या ग्रंथात शब्द नाही. वणवा विझविण्याचे कर्तव्य मात्र त्याच्याच नावावर आहे, आणि तो तर वणव्याच्या मोसमाचा बराच भाग दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्याच्या फडात काढतो. मग माळ पेटला तर विझवायचा कोणी? हा प्रश्न कायदा लिहिणाऱ्याला सुचला नाही, कारण हा माणूस त्याने जवळून पाहिलेला नाही.

तरीही हे पात्र हळूहळू वाढते आहे, हे मी आनंदाने नमूद करतो. २००२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अभयारण्यासाठी सल्लागार समितीची तरतूद आली. तिच्यात पंचायतराज संस्थांचे तीन प्रतिनिधी घ्यावेत असे म्हटले, आणि समितीने ज्यावर सल्ला द्यायचा त्यात आजूबाजूच्या लोकांचा सहभाग हा विषयही घातला. १९५१ साली कथेबाहेर असलेला, १९७२ साली हुकूम ऐकणारा माणूस २००२ साली बैठकीला बसला. अर्धशतकात एवढी वाटचाल. संथ आहे, पण ती आहे.

आता मुलखाकडे वळू. चांगल्या कादंबरीत वारा कुठल्या बाजूने येतो आणि अंगणात कोणते झाड आहे हे लेखकाला ठाऊक असते. महाराष्ट्राने १९६४ साली झाडे तोडण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत ठराविक झाडांची नावे आहेत, ती तोडायची तर परवानगी लागते. आंबा आहे, चिंच आहे, फणस आहे, साग, मोह, हिरडा, खैर, चंदन, जांभूळ आहे. इतकेच नव्हे तर खाडीतली कांदळवनेही आहेत. यादी सुरेख आहे. वाचताना सह्याद्रीच्या पावसाचा वास येतो. पण पाटोद्याच्या, शिरूरच्या, आष्टीच्या माणसाने ती वाचली तर तो आपले झाड शोधीत राहील. बाभूळ नाही. लिंब नाही. ज्या बाभळीच्या शेंगांवर उन्हाळ्यात शेळी जगते आणि ज्या लिंबाखाली उभा जन्म जातो, ती दोन्ही झाडे या यादीला माहीत नाहीत. फणस मात्र माहीत आहे, जो आमच्याकडे बाजारातच भेटतो! पुढे १९७५ साली शहरी भागांतल्या झाडांसाठी निराळा कायदा झाला, त्याने शहरातल्या लिंबालाही संरक्षण दिले. म्हणजे बीड शहरातला लिंब तोडायचा तर परवानगी लागणार, आणि वस्तीवरचा लिंब या अनुसूचीबाहेर.

कोणी म्हणेल, १९६४ चा कायदा इमारती लाकडाच्या आणि फळझाडांच्या बेसुमार तोडीला आळा घालण्यासाठी होता; त्याच्याकडून बाभळीची अपेक्षा कशाला? म्हणणे खरे आहे. शिवाय शेतकऱ्याच्या प्रत्येक बाभळीला परवानगीचा फास लावला तर तो बाभूळ उगवूच देणार नाही, हेही खरे आहे. पण मी परवाना मागत नाही, ओळख मागतो आहे. यादीत आपले नाव नसले की माणूस यादी आपली मानीत नाही. आणि जो कायदा लोक आपला मानीत नाहीत तो पाटीवरच राहतो.

तिसरी गोष्ट रचनेची. कथेच्या एका प्रकरणात मेलेला माणूस दुसऱ्या प्रकरणात जेवायला बसला तर आपण लेखकाचा कान धरतो. कायद्याच्या पुस्तकात एक प्रकरण दुसऱ्याला विचारीत नाही, त्याचे उत्तम उदाहरण बीड शहराजवळच आहे. सोळाव्या शतकात, मुर्तजा निजामशहाच्या काळात, सलाबतखानाने बांधविलेली खजाना बावडी बहुतेकांनी पाहिली असेल. राजा भास्कर या स्थपतीचे नाव तिच्याशी जोडले जाते. गोल बांधणीची ही विहीर. तिचे मोठेपण दगडांत थोडे आणि पाण्यात फार आहे. जमिनीखालच्या बोगद्यांनी पाणी तिच्यात येते आणि बोगद्यानेच, मोटेवाचून, निव्वळ उताराच्या बळावर ते मळ्यांकडे जाते. ज्याने ती बांधली त्याने जमिनीच्या पोटातल्या झऱ्यांचा नकाशा डोक्यात ठेवला होता. ज्या जिल्ह्याचे नाव दुष्काळाच्या बातम्यांतून महाराष्ट्राला कळते, त्या जिल्ह्यात चार शतके वाहणारे हे पाणी एखाद्या महाकाव्याएवढे मोलाचे आहे.

आता या एका बावडीकडे दोन कायदे पाहतात. जुन्या वास्तूंचा केंद्राचा कायदा १९५८ चा. त्याच वळणावर महाराष्ट्राने १९६० साली आपला कायदा केला. या जातीचे कायदे वास्तूच्या दगडाला हात लावू देत नाहीत, नाव कोरू देत नाहीत. दुसऱ्या बाजूला पाण्याचे कायदे आहेत. १९९३ साली महाराष्ट्राने पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचा कायदा केला. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायची तर परवानगी हवी, असे त्यात होते. त्याची जागा २००९ च्या कायद्याने घेतली, त्याचा अंमल २०१४ पासून सुरू झाला. अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरहून खोल विहीर वा विंधनविहीर घेऊ नये, असे तो म्हणतो. दोन्ही कायदे चांगले आहेत. पण वास्तूचा कायदा दगड मोजतो आणि पाण्याचा कायदा खोली मोजतो. बावडीचा कठडा कोणी फोडला तर तो गुन्हा. पण आसपासच्या शिवारात एकामागून एक विंधनविहिरी खाली गेल्या आणि बोगद्यातला झरा आटला, तर वास्तूच्या कायद्याच्या दृष्टीने बावडी जशीच्या तशी उभी आहे! पाण्यावाचून ती बावडी म्हणजे एक नीटस गोल खड्डा. मुलांना घेऊन तिथे गेलेल्या बापाने मग दाखवायचे काय?

याच १९५८ च्या कायद्यात मला एक वाक्य मात्र फार आवडले आणि ते इथे नोंदविल्यावाचून राहवत नाही. संरक्षित स्मारकात जाण्याचा लोकांना हक्क आहे, असे तिथे सांगितले आहे. नियमांच्या अधीन राहून, पण हक्क. ‘मनाई’च्या शेकडो वाक्यांत हे एक वाक्य उजेडासारखे आहे. धारूरच्या किल्ल्यावर चढणाऱ्या शाळकरी पोराला, अंबाजोगाईच्या शिवलेण्यांपुढे उभ्या राहणाऱ्या शेतमजुराला, आपण इथे कोणाच्या मेहेरबानीने आलेलो नाही हे कळले पाहिजे. आपल्या पाट्या लिहिणाऱ्यांनी हे वाक्य कधी पाटीवर घेतलेले मी तरी पाहिले नाही. दंडाचा आकडा पाटीवर येतो, हक्काचे वाक्य पुस्तकात राहते.

करमणुकीविषयी या ग्रंथाची समज काय, तेही थोडे पाहावे, कारण दिवाळी हा करमणुकीचा सण आहे. मुंबई राज्यात १९२३ सालीच करमणूक शुल्काचा कायदा झाला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तोवर त्याचे राज्य चालले. त्या कायद्याला करमणूक कळत होती ती तिकिटाची. नाटक, सिनेमा, सर्कस. जिथे पैसे देऊन आत जायचे ती करमणूक. श्रावणात सौताड्याच्या धबधब्याखाली ओलेचिंब होणे, वनभोजनाला जाणे, जत्रेत कुस्त्या पाहणे ही बिनपैशाची सुखे. त्यांना कायद्यात घर नव्हते. एका परीने बरेच झाले, नाहीतर त्यांच्यावरही शुल्क बसले असते! परंतु जे सुख मोजले जात नाही त्याचे रक्षणही होत नाही, हा त्यातला दोष.

वनभोजनावरून आठवले. २३ मार्च २०१८ रोजी राज्याने प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. थर्मोकोलची ताटे, वाट्या, पातळ पिशव्या, सगळे त्यात आले. दरीत पडलेला पांढरा ढीग ज्याने पाहिला आहे तो या बंदीला नावे ठेवणार नाही. पण परीक्षकाची तक्रार पुन्हा तीच: वाक्य अर्धे आहे. ‘हे वापरू नका’ म्हटले. ‘हे वापरा’ म्हणण्याची वेळ आली तेव्हा पळसाच्या पत्रावळीची आठवण पाटीवर कोणी केली नाही. ती पत्रावळ लावणारे हात याच डोंगरात आहेत. एका अध्या ओळीने त्या हातांना काम मिळाले असते आणि बंदीला पाय फुटले असते.

कायद्याला लोकांची भाषा बोलताच येत नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. बैलगाड्यांच्या शर्यतींचे प्रकरण पाहा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या थांबल्या. २०१७ साली महाराष्ट्राने प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यासंबंधीच्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. ती न्यायालयात अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती दुरुस्ती कायम केली. शर्यती असाव्यात की नसाव्यात यावर घराघरांत दोन मते असतील, माझ्याही मनात आहेत. बैल मुका असतो आणि घटनापीठापुढे त्याला बोलता येत नाही. पण लेखनाच्या दृष्टीने मला यात एक गोष्ट दिसली. इथे गावकऱ्याच्या आनंदाला कायद्यात नाव मिळाले आणि त्याबरोबरच अटीही आल्या: चाबूक नको, काठी नको, जनावराला इजा नको. ‘होय’ आणि ‘नको’ एकाच कागदावर आले. शर्यतीच्या बाबतीत हे जमते, तर माळरानाच्या, झऱ्याच्या आणि मोराच्या बाबतीत का जमू नये? फरक इतकाच की शर्यतीसाठी भांडणारे पुष्कळ होते. काटक्या वेचणाऱ्या म्हातारीसाठी मोर्चा निघत नाही.

परीक्षण लिहिणाऱ्याने नुसत्या उणिवा दाखवून थांबू नये. चांगले पान कुठले तेही सांगावे. माझ्या मते या साऱ्या ग्रंथातले सर्वांत चांगले पान अजून कोरे आहे. २००२ साली जैविक विविधतेचा कायदा झाला. त्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेत, म्हणजे ग्रामपंचायतीतसुद्धा, एक व्यवस्थापन समिती असावयाची आणि तिने गावकऱ्यांच्या मदतीने लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करावयाची. आपल्या शिवारात कोणती झाडे आहेत, कोणते पक्षी येतात, कोणती मुळी कशावर उगाळतात, कोणते बियाणे कोणाच्या कणगीत टिकले आहे, हे त्या वहीत लिहायचे. विचार करा, वाचक हो! सरकारने लिहिलेल्या कायद्यातच सांगितले आहे, की या पुढचे प्रकरण गावाने लिहावे. मी ज्याच्या मागे इतका वेळ चाललो आहे त्या तिसऱ्या माणसाच्या हाती इथे लेखणीच दिली आहे. १९६४ च्या यादीत ज्यांना जागा मिळाली नाही त्या बाभळीला, लिंबाला, आणि बालाघाटच्या सीताफळाला इथे हक्काची जागा आहे.

हे पान कोरे आहे असे मी म्हणालो, तेव्हा कागदोपत्री ते कोरे नसेल. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या नोंदवह्या पुऱ्या करायला ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली होती आणि चुकणाऱ्या राज्यांना दंडाचा धाक दाखविला होता. मुदतीचे आणि वहीचे नाते काय असते हे मास्तराइतके कोणाला ठाऊक? उन्हाळ्याच्या सुट्टीचा गृहपाठ शाळा उघडायच्या आदल्या रात्री कसा पुरा होतो ते आम्ही दरसाल पाहतो. अक्षर एकाचे, नाव दुसऱ्याचे, आणि मजकूर शेजारच्या वहीतून उतरलेला. आपल्या गावच्या नोंदवहीचे असे झाले आहे की नाही, हे ती वही उघडून पाहिल्याशिवाय कळणार नाही. आणि ती उघडून पाहण्याचा अधिकार दुसऱ्या कोणापेक्षा गावाचाच मोठा आहे.

म्हणून या दिवाळीत जी मंडळी गावी जातील त्यांना माझे एक सांगणे आहे. फराळ झाल्यावर दुपारच्या वेळी ग्रामपंचायतीत विचारून ठेवा, की आपल्या गावची ही वही कुठे आहे. मिळाली तर घरातल्या आजीला आणि गुराख्याला वाचून दाखवा. आजी म्हणेल, अमुक वेल राहून गेली. गुराखी म्हणेल, या ओढ्यात बारमाही पाणी नाही, ते कोणी लिहिले? कोयता घेऊन निघालेल्या गड्यांची गाठ पडली तर त्यांनाही विचारा. डोंगराचा वरचा अंग त्यांच्याइतका कोणाला माहीत नसतो, आणि फेब्रुवारीत ते सांगायला इथे नसतात. जे राहिले असेल ते समितीकडे लिहून द्या. आमच्या शाळांनीही सहावी-सातवीच्या मुलांना ‘माझा आवडता पक्षी’ असा निबंध घालण्याऐवजी आपल्या शिवारातल्या दहा झाडांची नावे, ती कोण कशाला वापरतो यासह, लिहायला सांगावीत. त्यातून कायद्याला पुरवणी मिळेल आणि मुलांना मराठीही येईल.

सरकारकडे मागायचे ते थोडे आहे. अभयारण्याच्या पाटीवर मनाईच्या खाली एक ओळ शेजारच्या गावाच्या नावाने असावी, की हे रान यांनी राखले आहे. स्मारकाच्या पाटीवर हक्काचे वाक्य असावे. खजाना बावडीचा विचार करताना दगडाच्या खात्याने आणि पाण्याच्या खात्याने एका टेबलाशी बसावे. सल्लागार समितीची बैठक ऊसतोडीच्या हंगामात न ठेवता गावात माणसे असतील अशा महिन्यात घ्यावी. यांतल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. तिसऱ्या माणसाला १९५१ पासून बैठकीपर्यंत यायला एक्कावन्न वर्षे लागली. तो आला आहे. त्याच्यासाठी खुर्ची मांडायची आणि तो बोलू लागला की लिहून घ्यायचे, एवढेच काम उरले आहे.